वर्गातल्या एका मुलाला रोज त्रास देतात. आम्ही मुलं काय करू शकतो?
आधी त्याला एकटं सोडू नका. डबा खाताना शेजारी बसा, घरी जाताना सोबत चाला. आणि चिडवणाऱ्याला हसून दाद देणं आजच थांबवा. माझ्या मते बघ्यांच्या हसण्यावरच हे सगळं चालतं.

मारामारी नको, त्यात त्रास सोसणारा मुलगाच अडकतो. काय झालं, कधी, कोण होतं हे तारखेसह वहीत लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर स्क्रीनशॉट ठेवा, पुढे पाठवू नका. मग त्याला विचारून, दोघं-तिघं मिळून विश्वासातल्या सरांना किंवा बाईंना सांगा. ही चुगली नव्हे.

कोणी ऐकलं नाही तर १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर (चाइल्ड हेल्पलाइन) फोन करा. तो मोफत आहे, मुलंही करू शकतात. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगबंदी कायद्यानुसार लेखी तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखांना ७ दिवसांत चौकशी करावी लागते.