हवामान बदलावर अनेक विभागांनी मिळून केलेलं काम खरंच होतं, की ते चर्चासत्राच्या बॅनरपुरतंच असतं?

तुम्ही नांदेडला एम.एस्सी. करताय आणि 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द तुम्हाला फक्त बॅनरवर दिसलाय, असं तुम्ही लिहिलंय. बऱ्याचदा तो तेवढाच असतो. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, बीजभाषण. जेवणं झाली की हॉल रिकामा. पण एकदा मी ते काम खरोखर होताना पाहिलंय, म्हणून लिहिते.

मी बीड जिल्ह्यात एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी भूगोलाच्या मॅडम, अर्थशास्त्राचे सर, कृषीचे एक सर आणि मी असे चौघं एका महसूल मंडळाच्या, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाच्या, पावसाच्या नोंदी घेऊन बसलो. कृषीचे सर म्हणाले, "ऑगस्टमध्ये मोठा खंड दिसतोय." रजिस्टरमध्ये त्या दिवसांपुढे नुसती आडवी रेघ होती. आमच्याकडे खंड म्हणजे गहाळ नोंद, म्हणून मी तेवढे दिवस मुकाट्यानं गाळून टाकले. पुढच्या बैठकीत सर तक्त्याकडे बघतच राहिले. त्यांचा खंड म्हणजे पावसानं दिलेली ओढ, आणि ती रेघ म्हणजे निरंक, शून्य. ज्या तीन आठवड्यांवर सगळा अभ्यास उभा होता, तेच मी पुसले होते!

तसंच तारखांचं. शेतकरी सांगायचे रविवारी रात्री झोडपलं, कागद म्हणायचा सोमवार. अर्थशास्त्राच्या पोरांना वाटलं, माणसं अंदाजे ठोकून देतायत. भूगोलाच्या मॅडमनी सांगितलं, हवामान खात्याच्या पद्धतीत चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि त्या सकाळच्या तारखेवर लिहितात. माणसं बरोबर होती. आम्हालाच कागद वाचता येत नव्हता.

एकत्र बसण्याची गरज नेमकी कुठे पडते, त्याचं उदाहरण देते. 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट 2023 चा. त्या वर्षी आपल्याकडे पीकविम्याची 25 टक्के रक्कम आगाऊ मिळायला 21 दिवसांचा खंड लागायचा, आणि तो शब्द पारापारावर होता. आता बघा, हवामान खातं 2.5 मिलिमीटरपासून पुढे पावसाचा दिवस धरतं. मधेच तेवढा शिडकावा झाला तर कागदावरचा खंड मोडतो, पण मुरमाड रानातल्या सोयाबीनला त्याचा काय उपयोग? काळ्या भारी जमिनीत तेच पीक आणखी काही दिवस तग धरतं. म्हणजे प्रश्न मातीचा, मोजणीचा आणि विम्याच्या अटींचा, तिन्ही एकदम. अतिवृष्टीच्या भरपाईचंही तेच. चोवीस तासांत 65 मिलिमीटरची अट मंडळातल्या पर्जन्यमापकावर ठरते आणि ढग फुटतो शिवाराच्या दुसऱ्या टोकाला. हवा 1 अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे भौतिकशास्त्रवाले फळ्यावर मांडून देतील. भरपाईच्या यादीतून गाव का सुटलं, ते फळ्यावर सापडत नाही.

शिकवण्याचं म्हणाल तर तिथे खरी अडचण कार्यभाराची आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणात बहुविद्याशाखीय शिक्षणावर भर आहे, पण दोघांनी मिळून घेतलेला तास कुणाच्या नावावर मांडायचा, याचं उत्तर आमच्या ऑफिसात मिळालं नाही. शेवटी आम्ही तो शनिवारी दुपारी, बिनहिशेबाचा घेतला. वर्गातली काही मुलं ऊसतोड कामगारांच्या घरची. फड लांबला, लवकर आटोपला की घरात काय होतं, हे त्यांना आमच्याहून जास्त कळत होतं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर 'हवामान बदल' असा विषय घेऊ नका. एक मंडळ आणि एक प्रश्न घ्या. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ तुम्हाला रेल्वेनं जवळ आहे, तिथल्या कृषी हवामानशास्त्राच्या मंडळींना भेटा. समाजशास्त्राची बाजू हवी असेल तर तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे. जाताना सारांश नेऊ नका, मूळ नोंदी न्या.

आणि शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं, ते पहिल्याच चहाला ठरवून टाका. आमच्यात त्यावरून दोन महिने अबोला होता.