ओव्हनसाठी काचेचं भांडं घेताना

पहिलंच भांडं घेताय ना, मग खोक्यावर 'बोरोसिलिकेट' लिहिलंय का ते आधी बघा. नुसतं 'मायक्रोवेव्ह सेफ' पुरेसं नाही. टेम्पर केलेल्या, म्हणजे तापवून झटकन गार करून मजबूत केलेल्या साध्या काचेवरही तसं लिहिलेलं असतं. बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून ती सहज तडकत नाही. पण म्हणून तिला काहीही चालतं असं नाही हं. ओव्हनमधून काढलेलं भांडं ओल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर टेकवलंत की तळ एकदम गार होतो, बाकीचं भांडं तापलेलंच राहतं आणि त्या ताणाने तडा जातो. ओट्यावर कोरडं फडकं चौपदरी घालून त्यावर ठेवा. हातातलं फडकंही कोरडंच हवं. फ्रिजमधलं भांडं थेट तापलेल्या ओव्हनमध्ये नको, आधी थोडा वेळ बाहेर राहू द्या. गॅसवर ठेवायचं तर कंपनीने तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच, नाहीतर अजिबात नको. तारेची घासणी लावू नका, ओरखड्यातूनच पुढे चीर वाढते. करपलेलं असेल तर भांडं पूर्ण गार झाल्यावर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून भिजत ठेवा. आणि काठाचा टवका उडालेलं भांडं कितीही आवडतं असलं तरी पुन्हा तापवू नका.