चुकलेल्या जनावरांची वही

प्रश्न : अमेरिकेतल्या एका कौंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) जुन्या दप्तराचे स्कॅन बघताना 'एस्ट्रे बुक' नावाची वही दिसली. पानोपानी घोड्या, बैल, डुकरं यांचीच वर्णनं. एवढं बारीक कशासाठी लिहायचे? ज्याला जनावर सापडलं त्याचंच ते होत नव्हतं का?
– एक वाचक

उत्तर : नाही, आणि तसं गुपचूप होऊ नये म्हणूनच तर ही वही होती. एस्ट्रे म्हणजे चुकलेलं जनावर. तेव्हा कुंपण पिकाला घालायचे आणि गुरं मोकळी चरायची, त्यामुळे कुणाचंही जनावर कुणाच्याही रानात येऊन उभं राहायचं. ज्याला ते सापडलं त्याने जस्टिस ऑफ द पीसकडे, म्हणजे गावपातळीवरच्या न्यायाधीशाकडे, जाऊन शपथेवर सांगायचं की जनावर माझ्या जागेत आलं आणि त्याच्या खुणा किंवा मालकाने दिलेले डाग मी बदललेले नाहीत, मग शेजारपाजारची दोन-तीन माणसं येऊन रंग, वय, उंची, डाग, कानाची खाच सगळं बघून किंमत ठरवायची आणि ते कौंटी क्लार्कच्या वहीत चढायचं. पुढे जाहिरात, मुदत, आणि मुदतीत मालक आला नाही तरच मालकी बदलायची किंवा लिलाव व्हायचा. मुदती राज्याराज्यात वेगळ्या होत्या.

इलिनॉयच्या मॅकन कौंटीत डिसेंबर 1830 मध्ये अशाच एका चुकलेल्या घोडीची किंमत 30 डॉलर ठरवली गेली, आणि त्या कागदावर सही करणाऱ्यांत 21 वर्षांचा अब्राहम लिंकन होता! घोडी 14 हँड, म्हणजे 56 इंच उंच. मला हा कागद फार आवडतो, कारण तेव्हा तो फक्त एक शेजारी होता, बोलावलं म्हणून आलेला.

कल्पना मूळ इंग्लंडची. ब्लॅकस्टोन या इंग्रज कायदेपंडिताने 1765 मध्ये लिहून ठेवलंय की चुकलेल्या जनावराची दवंडी चर्चमध्ये आणि जवळच्या दोन बाजारगावांत द्यायची, वर्ष आणि एक दिवस वाट बघायची, त्यानंतर ते राजाचं किंवा राजाने हक्क दिलेल्या जमीनदाराचं. तोवर ज्याने ठेवलंय त्याने खाऊ घालायचं, पण कामाला जुंपायचं नाही, गाय असेल तर दूध काढलेलं चालेल कारण न काढलं तर गायीलाच त्रास. मुकं जनावर दुसऱ्याच्या दारात असताना त्याची काळजी कायद्याने घ्यायला लावली, हे मला खूप मोठं वाटतं.

आपल्याकडचा कोंडवाडा 1871 च्या कॅटल ट्रेसपास ॲक्टमधला. त्यातही रजिस्टर आहेच, किती जनावरं, वर्णन, कोणत्या दिवशी किती वाजता आणली, कोणी आणली, मालक माहीत असेल तर त्याचं नाव. सात दिवसांत कोणी आलं नाही तर पोलिसांना कळवायचं, मग दवंडी, आणि नोटिशीनंतर आणखी सात दिवसांनी लिलाव. कोंडवाड्याच्या रखवालदाराला त्या लिलावात बोली लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे कारण नाहीतर मालकाला न कळवण्यातच त्याचा फायदा झाला असता.

तुम्ही घराण्याचा इतिहास शोधत असाल तर ही वही अजिबात सोडू नका. 1850 च्या आधीच्या अमेरिकन जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव यायचं, तीही दहा वर्षांतून एकदा, आणि ज्याची जमीनच नाही त्याचं नाव खरेदीखतात कुठून येणार? पण त्याच्या दारात कुणाची कालवड आली की तारखेसकट तो वहीत सापडतो आणि किंमत ठरवायला आलेले शेजारीही सापडतात. बऱ्याच ठिकाणी खुणा आणि डाग नोंदवायची वेगळी वही असते, तीही मागवा, कारण मालक हक्क सांगायला आला की खूण त्याच वहीशी ताडून बघता यायची.