वाचक विचारतात : मोजक्या पैशांत गाडीचे स्पीकर

प्रश्न : गाडीत कंपनीचे चार स्पीकर आहेत. आवाज जरा वाढवला की फाटतो. चारही साधे बदलावेत की दोनच चांगले घ्यावेत?

दोनच घ्या, आणि तेही पुढच्या दारांचे. पुढे बसणाऱ्यांना मुख्यतः तेच ऐकू येतात. मागचे जुनेच राहू द्या आणि फेडर, म्हणजे पुढचा-मागचा आवाज कमी-जास्त करायची सोय, दोन-तीन घरं पुढे सरकवा. बजेटचा साधारण चौथा हिस्सा दाराच्या डॅम्पिंग शीटसाठी (पत्र्याची थरथर दाबणारी चिकट शीट) आधीच बाजूला काढा. तो का, ते पुढच्या एका उत्तरात येईल.

खरेदीआधी फाटण्याचं कारण मात्र शोधा. बेस आणि ट्रेबल शून्यावर आणा, लाउडनेस बंद करा. आवाज स्वच्छ झाला तर स्पीकर ठीक आहेत. बेस इतका वाढवलेला होता की स्टिरिओची ताकद कमी पडत होती. तरीही फाटत असेल तर बॅलन्स (डावा-उजवा आवाज) आणि फेडर फिरवून नेमका कोणता स्पीकर खराब आहे ते ओळखा. स्टिरिओ बंद करून त्याचा कोन, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, दोन्ही बाजूंनी बोटांनी सारखा, हलकेच दाबा. खरखर जाणवली तर आतली कॉइल घासते आहे, आणि असा स्पीकर बदललेलाच बरा.

डॅशबोर्डवर किंवा आरशाजवळ ट्विटरची (बारीक, उंच आवाजाच्या छोट्या स्पीकरची) जागा असेल तर ट्विटर वेगळा असलेला कंपोनंट सेट घ्या, म्हणजे आवाज पायाशी न अडकता समोरून येतो. तशी जागा नसेल तर कोअ‍ॅक्सियल, म्हणजे ट्विटर मधोमध बसवलेला स्पीकर, पुरे. जागा कोरत बसण्याइतका फायदा या बजेटमध्ये होत नाही.

प्रश्न : एका स्पीकरच्या डब्यावर 300 वॅट लिहिलंय, दुसऱ्याच्या 120. स्टिरिओवर ‘50 वॅट गुणिले 4’ आहे. कोणता घ्यावा?

हे तिन्ही आकडे बाजूला ठेवा. ते क्षणभराच्या कमाल ताकदीचे असतात. गाडीच्या स्टिरिओला मिळतात 14 व्होल्टच्या आसपास. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर त्यातून 4 ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजाचे 15 ते 20 वॅटच मिळतात. म्हणून डब्यावर ‘आरएमएस’ (सतत पेलणाऱ्या ताकदीचे) वॅट बघा, आणि त्याहून आधी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच ताकदीवर स्पीकर किती मोठा वाजतो ते बघा. ती डेसिबलमध्ये लिहिलेली असते.

3 डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट ताकद. 93 डेसिबलचा स्पीकर 15 वॅटवर जेवढा वाजेल, तेवढा वाजायला 87 डेसिबलच्या स्पीकरला 60 वॅट लागतील, आणि तेवढे तुमच्या स्टिरिओकडे नाहीत. एक खाचखळगा इथेही आहे. काही कंपन्या हा आकडा 1 वॅटवर मोजतात, काही 2.83 व्होल्टवर. 4 ओहमच्या स्पीकरला 2.83 व्होल्ट म्हणजे 2 वॅट होतात, त्यामुळे आकडा आपोआप 3 ने फुगतो. दोन स्पीकरांची तुलना करताना मोजणी एकाच पद्धतीची आहे ना, हे बघा. स्टिरिओवरच चालवायचं असेल तर 1 वॅटवर मोजलेले 90 किंवा जास्त डेसिबल हवेत.

प्रश्न : नवे स्पीकर बसवले, तर बेस आधीपेक्षा कमी झाला! स्पीकर खराब निघाले का?

बहुधा नाही. आधी बॅलन्स पूर्ण एका बाजूला न्या. एकच स्पीकर वाजताना बेस वाढला, तर दोहोंपैकी एकाच्या प्लस-मायनस वायरी उलट्या लागल्या आहेत. एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि बेस एकमेकांना मारतो. वायर स्टिरिओपासून सोडवून स्पीकरला 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लावल्यावर कोन बाहेर उचलला गेला पाहिजे. गाडीकडून येणाऱ्या वायरींचे रंग अंदाजाने धरू नका. गाडीचा वायरिंग नकाशा बघा.

वायरी बरोबर असतील तर दोष दाराचा. कोनच्या मागून निघणारा आवाज पुढच्या आवाजाच्या नेमका उलट असतो. स्पीकरच्या कडेच्या फटीतून किंवा दाराच्या आतल्या पत्र्यातल्या भोकांतून तो पुढे आला की बेस खाऊन टाकतो. म्हणून स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी सलग फिरवा, कुठेही फट ठेवू नका. मग डॅम्पिंग शीट घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं आवरण असलेली, सुमारे 2 मिलिमीटर जाडीची ब्यूटिल शीट चालते. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, शीट चिकटवून रोलरने घट्ट दाबा. नीट न दाबलेली शीट उन्हात सुटते. एक तुकडा स्पीकरच्या बरोबर मागे बाहेरच्या पत्र्याला आतून लावा, बाकीचे आतल्या पत्र्याच्या सपाट भागांवर. सगळं दार मढवायची गरज नाही. टिचकी मारल्यावर पत्रा ठणठण वाजायचा थांबला की झालं.

दोन गोष्टी मात्र जपा. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी ठेवा, नाहीतर दार आतून गंजेल. आणि आतल्या पत्र्यावरचा प्लॅस्टिकचा किंवा फोमचा पडदा फाडू नका, तो पाणी अडवतो. काही गाड्यांत साइड एअरबॅगचा सेन्सर दाराच्या आतला हवेचा दाब मोजतो. तिथे कंपनीने बंद केलेलं काही उघडू नका आणि उघडं ठेवलेलं बंद करू नका.

प्रश्न : दार स्वतः उघडायचं आहे. कुठे चुकतं?

घाई केल्यावर क्लिपा तुटतात. बॅटरीचं मायनस टोक आधी काढा. मग हँडलच्या खोबणीतले, झाकणांखाली लपलेले सगळे स्क्रू शोधा, आणि नंतरच प्लॅस्टिकच्या पात्याने डोअर पॅड खालच्या कडेपासून एकेका क्लिपेपाशी उचला. चार-पाच क्लिपा जास्तीच्या आणून ठेवा.

सर्वात महागडी चूक खोलीची. साडेसहा इंचाचा स्पीकर भोकात बसतो, पण त्याचा चुंबक मागे किती जातो ते कुणी मोजत नाही. काच पूर्ण खाली करून पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर मोजा आणि किमान 5 मिलिमीटर मोकळे राहतील असाच स्पीकर घ्या. कमी पडलं तर स्पीकर पुढे आणणारी रिंग लावता येते, पण मग जाळी कोनला लागत नाही ना, ते बघा. रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी तंतूंची) असेल तर ती पाण्याने फुगते. सगळ्या बाजूंनी रंग द्या किंवा प्लॅस्टिकचीच घ्या. कंपनीच्या वायरी कापू नका, अडॅप्टर मिळतो. स्टिरिओवर चालवायचं तर मूळ वायरीच पुरतात.

प्रश्न : मागे दोन स्पीकर जास्तीचे, आहेत त्याच वायरींवर जोडले तर चालेल का?

नाही. 4 ओहमचे दोन समांतर जोडले की 2 ओहम होतात. बहुतेक स्टिरिओ तापून बंद पडतात किंवा जळतात. स्पीकरची मायनस वायर गाडीच्या बॉडीलाही कधी जोडू नका. आजच्या स्टिरिओत दोन्ही टोकांना व्होल्टेज असतं, त्यामुळे आतली आयसी (चिप) जाते.

प्रश्न : आवाज वाढवला की नवे स्पीकरही धडपडतात. अ‍ॅम्प्लिफायर नाही.

स्टिरिओच्या मेन्यूत हाय-पास फिल्टर (खालचा, जड आवाज अडवणारी सोय) असेल तर 80 हर्ट्झवर लावा. ही सोय नसेल तर प्रत्येक स्पीकरच्या प्लस वायरीत 470 मायक्रोफॅरडचा, ध्रुव नसलेला कपॅसिटर जोडा. 4 ओहमवर तो 85 हर्ट्झच्या आसपास खालचा आवाज कमी करू लागतो. प्लस-मायनस ठरलेला साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर इथे चालत नाही.