पुणे ते न्यूयॉर्क: विमानाला किती तास, घरातून कधी निघायचं?

पुण्याहून न्यूयॉर्क किती लांब, विमानाला किती वेळ लागतो आणि आई पहिल्यांदाच एकटी निघाली आहे तर घरातून कधी निघावं, असं तुम्ही विचारलंय. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या आईला असंच पाठवलं, म्हणून सविस्तर लिहितो.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून अमेरिकेला थेट विमान नाही, त्यामुळे हिशोब मुंबईपासून धरा. मुंबई-न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर आहे. ताशी ९०० च्या वेगाने चौदा तास व्हायला हवेत. पण जाताना साडेपंधरा-सोळा तास लागतात आणि येताना चौदाच्या आसपास. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, असं पुष्कळ जण सांगतात. ते खरं नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे जोरात वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीमागून ढकलतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त असतो.

आता महत्त्वाचं, तारखेचं. थेट विमान रविवारी रात्री दीडचं, म्हणजे शनिवारची मध्यरात्र उलटल्यावरचं असेल तर आईंना शनिवारी संध्याकाळी घर सोडायला हवं. माझ्या मावशीच्या घरी सगळे 'रविवारचं विमान' म्हणत निवांत बसले होते. शनिवारी दुपारी कुणीतरी तिकीट पुन्हा वाचलं म्हणून निभावलं. तिकिटाची तारीख आणि घरातून निघायची तारीख, दोन्ही कॅलेंडरवर वेगवेगळ्या लिहून ठेवा.

पुण्यातल्या कोथरूडहून मुंबई विमानतळ दीडशे-एकशे साठ किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर साडेतीन तास, पण शनिवार-रविवारी खंडाळ्याच्या घाटात गाड्या तुंबल्या की पाच तासही जातात. विमानाच्या चार तास आधी पोचायचं धरून मी आईला साडेचारलाच टॅक्सीत बसवलं होतं.

दीडला विमान सुटलं की सोळा तासांनी भारतात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे तिथे रविवार सकाळचे आठ. हिवाळ्यात हाच फरक साडेदहा तासांचा होतो. घर ते घर सव्वीस-सत्तावीस तास धरा.

दुबईवरून गेल्यास अंतर फार वाढत नाही, चार-पाचशे किलोमीटरच. वेळ जातो तो मधल्या थांब्यात. तसं जायचं असेल तर पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे सामान थेट न्यूयॉर्कला मिळेल. वेगळी तिकिटं काढली तर दुबईत बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागू शकतं. एकट्या आईंवर ते ओझं टाकू नका.

आणि आई चांगल्या चालत्या-फिरत्या असल्या तरी तिकीट काढतानाच व्हीलचेअर लावून घ्या. सोबत माणूस मिळतो, इमिग्रेशनच्या रांगेत तो बरोबर असतो. न्यूयॉर्कमध्ये ज्यांच्याकडे जायचं त्यांचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवा. उतरल्या उतरल्या मोबाईल चालेलच असं नाही.