आंब्याखाली ऊनच येत नाही, तिथे काय लावू?

तुम्ही लिहिलंय की परसात आंब्याखाली गुलाब आणि झेंडू दोन्ही लावून पाहिले, पण फुलं नाहीत. त्यांना रोज पाच-सहा तास तरी थेट ऊन लागतं, त्यामुळे तिथे ते रमणार नाहीत.

आधी सावली कशी आहे ते बघा. पानांतून कवडसे पडत असतील तर हळद लावाच. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला डोळे फुटलेले गड्डे दोन-तीन इंच खोल पुरा. श्रावणात पातोळ्यांना घरची पानं मिळतात, आणि आठ-नऊ महिन्यांनी पानं वाळली की हळद काढायची. ओली पानं उकडताना घरभर जो वास सुटतो, त्यासाठी तरी ही जागा हळदीला द्यावी असं मला मनापासून वाटतं! आलंही तसंच येतं. सांडपाणी जातं तिकडे अळू, आणि आंब्याच्याच खोडावर मिरवेल चढवा.

अगदी गडद सावलीत मात्र नेचे, सिंगोनियम, मनी प्लांट एवढंच.

खोल खणू नका, आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्याच थरात असतात. वर थोडी माती आणि शेणखत टाकून त्यात लावा, पण खोडाला माती भिडवू नका.

सावलीत रोपं मरतात ती बहुधा जास्त पाण्याने. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. गळलेला पाला झाडून जाळू नका, तिथेच पसरा.