शिक्का युरोपचा, भांडं चीनचं : वाचकांचे प्रश्न

पोर्सिलेनच्या, म्हणजे चिनी मातीच्या, वस्तूंवरच्या शिक्क्यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं या वेळी घेतली आहेत. बहुतेकांनी फक्त शिक्क्याचा फोटो पाठवला आहे. यापुढे पूर्ण बुडाचा पाठवा. शिक्क्यापेक्षा त्याच्या भोवतीची जागा जास्त बोलते.

प्रश्न : घर आवरताना एक फुलदाणी निघाली. उंची साधारण ४० सेंमी, रंग हस्तिदंती, सर्वांगावर बारीक भेगांची जाळी. दोन्ही बाजूंना पितळी पानांचे कान, खाली पितळी बैठक. बुडावर मुकुट-ढालीचा शिक्का आणि ‘१८९७’. इंग्रजांच्या वेळची समजायची का? शिवाय ती आता हलायला लागली आहे. — एक वाचक, भुसावळ

उत्तर : नाही. १८९७ हे फुलदाणी घडवल्याचं साल नसून ट्रेडमार्कचाच भाग आहे. ‘युनायटेड विल्सन १८९७’ आणि ‘डब्ल्यू. एल. १८९५’ हे दोन शिक्के अशा पितळ जडवलेल्या चिनी शोभेच्या वस्तूंवर नेहमी दिसतात, आणि या वस्तू विसाव्या शतकाच्या शेवटाकडच्या किंवा त्याहून अलीकडच्या असतात. शिक्क्यात साल घालण्याची पद्धत मुळात युरोपचीच. इंग्लंडच्या रॉयल वूस्टर या पोर्सिलेन कारखान्याच्या गोल शिक्क्यात ‘५१’ असतं, ते स्थापनेचं, म्हणजे १७५१चं. म्हणून शिक्क्यातलं साल वाचून वस्तूचं वय कधीच काढू नये.

आता फुलदाणीकडे बघा. भेगांची जाळी मुद्दाम आणलेली आहे. भाजून थंड होताना झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, आतल्या मातीपेक्षा जास्त आकसेल अशी बनवली, की ती तडकते. मग त्या भेगांत शाई किंवा चहाचं पाणी चोळतात. वापराने मळलेल्या भेगा एका ठिकाणी गडद, दुसरीकडे फिक्या असतात. तुमच्या फोटोत गळ्यापासून बुडापर्यंत सगळ्या भेगा एकाच तपकिरी रंगाच्या आहेत. बैठक उलटी करून स्क्रू बघा. अधिकच्या खुणेसारखी खाच असलेला स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आला. असा स्क्रू मूळ जोडणीतलाच असेल, तर विषय तिथेच संपतो.

ती हलते त्याचं कारण असं. अशा बहुतेक फुलदाण्यांच्या बुडाला भोक असतं आणि आतून एक दांडा जाऊन खाली नटाने आवळलेला असतो. पितळ पोर्सिलेनच्या तिप्पट-चौपट प्रसरण पावतं. दांडा ४० सेंमीचा आणि पितळी असेल, तर डिसेंबरची पहाट आणि भुसावळची मे महिन्यातली दुपार यांतल्या ३० अंशांच्या फरकाने तो जवळपास पाव मिलिमीटर लांबतो. पोर्सिलेन त्या मानाने जागचं हलत नाही, म्हणून उन्हाळ्यात जोडणी सैल पडते. लोक मेमध्येच पाना लावून नट गच्च करतात, आणि हिवाळ्यात दांडा आखडला की बुडाच्या भोकापासून तडा निघतो. नटाखाली २ मिमी जाडीचा रबरी वायसर घाला आणि नट बोटांनी बसेल तेवढाच फिरवा. पाना लावूच नका.

प्रश्न : माझ्याकडे एका नर्तकीची मूर्ती आहे. बुडावर निळ्या रंगात दोन तलवारींची फुली. विकणाऱ्याने ‘माइसन, जर्मनी’ सांगितलं. खरं-खोटं घरी तपासता येईल का? — एक वाचिका, जळगाव

उत्तर : बरंचसं येईल. सराफाचं १० पटीचं भिंग मिळवा. जळगावात ते मिळायला अडचण नाही. खोलीत अंधार करून टॉर्च बुडाला जवळजवळ समांतर धरा आणि हळूहळू फिरवा.

माइसनचा पोर्सिलेनचा कारखाना १७१०चा, आणि तलवारींचा शिक्का १७२०च्या दशकापासूनचा. तो कोबाल्टच्या निळ्या रंगाने, ब्रशने, झिलईच्या आधी काढतात. त्यामुळे टॉर्चची चमक शिक्क्यावरून अखंड सरकली पाहिजे. ती शिक्क्याच्या कडेला तुटत असेल किंवा नखाला उंचवटा लागत असेल, तर रंग झिलईच्या वर आहे आणि मूर्ती संशयास्पद आहे.

पण शिक्का झिलईखाली निघाला म्हणून हुरळून जाऊ नका. झिलईखालचं निळं काम चीनमध्ये चौदाव्या शतकापासून चालू आहे. आजच्या कारखान्याला त्यात अवघड काही नाही. म्हणून रेघ स्वतः पाहा. ब्रशच्या रेघेत रंग कुठे दाट कुठे पातळ असतो, सुरुवातीला किंवा टोकाला साचलेला असतो, आणि दोन तलवारी कधी तंतोतंत सारख्या येत नाहीत. रबरी शिक्क्याची रेघ सगळीकडे एकाच जाडीची असते. भिंगाखाली छोटे-छोटे ठिपके दिसले तर ती छापील चिकटचित्राची खूण. तलवारींवरून आडव्या ओरखड्याच्या रेघा मारलेल्या असतील, तर मात्र घाबरू नका: माइसन आपला दुय्यम माल अशाच रेघा मारून बाहेर काढत असे.

उरतं ते काम. बोटं सुटी आहेत की एकमेकांना चिकटून पंजाच झालाय? पापणीची रेघ एका फटक्यात आली आहे की डोळा नुसता ठिपका आहे? सांगायचं तर शिक्क्याची नक्कल करणारा शिक्क्यावर जेवढी मेहनत घेतो तेवढी बोटांवर घेत नाही, त्यामुळे आमचं मत बोटांवरूनच ठरतं.

प्रश्न : सहा कपबश्यांचा सेट, प्रत्येक बशीत बागेतल्या प्रेमी युगुलाचं रंगीत चित्र, सोनेरी कड. शिक्का ‘लिमोज चायना’. रोज चहाला वापरावा का? — एक वाचिका, धुळे

उत्तर : लिमोज हे फ्रान्समधलं शहर, आणि ‘चायना’ म्हणजे इथे देश नव्हे, पोर्सिलेन. जवळच्या सँ-इरिए इथे १७६८च्या सुमारास केओलिन, म्हणजे पोर्सिलेनला लागणारी पांढरी माती, सापडली आणि पुढे त्या भागात अनेक कारखाने निघाले. त्यामुळे खऱ्या वस्तूवर सहसा कारखान्याचं नाव असतं, आणि १८९१नंतरच्या निर्यातीच्या मालावर बहुधा ‘फ्रान्स’ही असतं, कारण त्या वर्षापासून अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. नुसतं ‘लिमोज चायना’ लिहिलेला माल आशियातला आधुनिक समजावा. तुमचं चित्रही छापील असणार. भिंगातून ठिपके मोजा.

वापराचं म्हणाल तर बेतानेच. झिलईवरच्या रंगांत शिसं, कॅडमियम असू शकतं आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतात. चित्र कपाच्या आत असेल किंवा बाहेरून ओठांच्या कडेच्या २ सेंमीच्या पट्ट्यात असेल, तर तो सेट कपाटातच शोभतो. लिंबाचा चहा, पन्हं, ताक, लोणचं त्यात नको. एका बशीत रात्रभर पांढरं व्हिनेगर ठेवून पाहा. रंग फिका किंवा खरखरीत झाला तर उत्तर मिळालं. झाला नाही, तरी शिसं नसल्याचा दाखला मिळाला असं नव्हे. सोनेरी कडेमुळे मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात, तिथे तर अजिबात नको.

प्रश्न : निळ्या फुलांचा मोठा जग आहे. बुडावर सिंह आणि शिंगवाला घोडा, खाली ‘व्हिक्टोरिया वेअर, आयर्नस्टोन’. शेजारी नाण्याएवढा निस्तेज डाग. ‘शंभर वर्षांचा’ म्हणून विकता येईल का? — एक वाचक, शिरपूर

उत्तर : हा शिक्का नकली ‘फ्लो ब्लू’ (निळं चित्र कडांना पसरलेल्या) भांड्यांवर ठरलेलाच आहे. निस्तेज डागाची जागा घासून काढलेली दिसते. तिथे आधी बहुधा ‘मेड इन चायना’ होतं. बोट फिरवा, आजूबाजूची झिलई गुळगुळीत आणि तेवढाच भाग खरखरीत लागेल. बुडाची बिनझिलईची कडही पाहा. ओल्या कापसाने पुसल्यावर तपकिरी रंग उतरला तर तो चहाचा किंवा बूटपॉलिशचा हात आहे. जुन्या भांड्याच्या कडेवर सगळ्या दिशांनी बारीक चरे असतात; सँडपेपरचे चरे एकाच दिशेने जातात.

विका, पण ‘जुन्या धर्तीचा नवा जग’ असं बिलावर लिहून. आपल्याकडे १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, आणि तशा वस्तूला परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. तुमच्या जगाला तो कायदा लागतच नाही, म्हणजे परदेशातल्या नातेवाइकांना तो खुशाल पाठवा.